सरकारी पैसा फळ्यापर्यंत पोचतो का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

विकसनशील देशांत शिक्षणावरचा खर्च वाढत जातो, पण मुलांचं वाचन आणि गणित त्या मानानं सुधारत नाही. जिथं कारभार बरा तिथंच वाढीव पैशाचा उपयोग दिसतो, असं या सदरात आधी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न इथं घेतले आहेत.

युगांडात सरकारनं शंभर दिले तर शाळेत तेराच पोचत, असं वाचलं. हे मोजलं कसं? आणि वर्तमानपत्रात आकडे छापल्यावर गळती थांबली, हे खरं का? — अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

आकडा खरा आहे, आणि तो काढण्याची रीतही शिकून घेण्यासारखी आहे. युगांडा सरकारनं १९९१ साली प्राथमिक शाळांसाठी दर विद्यार्थ्यामागे अनुदान ठरवलं: खालच्या वर्गांसाठी वर्षाला २,५०० शिलिंग, वरच्या वर्गांसाठी ४,०००. यात पगार नाही. पुस्तकं, खडू, किरकोळ खर्च यांची ही रक्कम. पैसे राजधानीतून निघायचे ते जिल्हा कचेरीत यायचे आणि तिथून शाळेत जायचे. १९९६ मध्ये जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २५० सरकारी शाळांत जाऊन शाळांच्याच जमाखर्चाच्या वह्या पाहिल्या आणि वरून निघालेल्या रकमेशी त्यांचा ताळा घेतला. १९९१ ते ९५ या पाच वर्षांत सरासरी १३ टक्के. सरासरीही जरा फसवीच, कारण बहुतेक शाळांच्या वहीत भोपळा होता आणि थोड्या शाळांना बऱ्यापैकी रक्कम मिळाली होती. मोठ्या शाळा आणि जिथले पालक खाऊनपिऊन सुखी, त्या शाळा कचेरीत भांडून आपला वाटा काढून आणत. म्हणजे गरिबांसाठीचं अनुदान गळता गळता गरिबांकडेच सर्वांत कमी उरलं.

मधले सगळे पैसे कुणाच्या खिशात गेले असं मात्र नाही. काही गेलेच, पण बराच भाग जिल्हा कचेऱ्यांनी शिक्षणाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या खर्चाला वळवला. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: पगारात अशी गळती फारशी नव्हती. शिक्षकाला आपला पगार तोंडपाठ असतो, पाच शिलिंग कमी आले तरी तो विचारायला जातो. अनुदान किती यायला हवं, हे मात्र बहुतेक शाळांना आणि पालकांना माहीतच नव्हतं. न मागितलेला पैसा वाटेत थांबतो, हे यातलं साधं गणित.

त्यानंतर सरकारनं कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले हे दर महिन्याला वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. शाळेच्या भिंतीवरही मिळालेली रक्कम लावणं सक्तीचं झालं. २००१ च्या सुमारास पुन्हा मोजणी झाली तेव्हा ८० टक्क्यांच्या आसपास रक्कम पोचत होती. ज्या शाळांपासून वर्तमानपत्र विक्रीचं ठिकाण जवळ, तिथं सुधारणा जास्त, हेही दिसलं. पण सगळं श्रेय छापील कागदाला देऊ नका. १९९७ मध्ये युगांडानं प्राथमिक शाळेची फी रद्द केली, देणगीदार देशांची नजर या खात्यावर बसली आणि त्याच काळात खर्चाच्या पद्धतीतही सुधारणा झाल्या. या सगळ्यांतून कागदाचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्त आहे.

आणखी एक. पैसा पोचू लागल्यावरही अचानक भेटींत युगांडातले २७ टक्के शिक्षक शाळेत सापडले नाहीत. एक भोक बुजवलं म्हणजे माठ गळायचा थांबत नाही.

शिक्षकांना धड पगार दिला तर ते मन लावून शिकवतील, हे सरकारला कळत नाही का? — प्राथमिक शिक्षक, नाशिक जिल्हा

इंडोनेशियानं हे करून पाहिलं, आणि तेही हात आखडता न घेता. २००५ च्या कायद्यानं ठरलं की जो शिक्षक प्रमाणपत्र मिळवेल त्याला मूळ पगाराइतकाच भत्ता मिळेल, म्हणजे पगार दुप्पट. मूळ कल्पना अशी होती की प्रमाणपत्रासाठी विषयज्ञान आणि अध्यापन कसोशीनं तपासायचं. विरोध झाला, आणि कसोशीच्या जागी कागदपत्रांची फाइल आली. फाइलमध्ये कमी पडलेल्यांना साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, की प्रमाणपत्र हातात. बदलामागचा मुद्दा इथंच निसटला.

परिणाम मोजण्यासाठी ३६० शाळांत प्रयोग झाला. सोडत काढून निवडलेल्या १२० शाळांतल्या पात्र शिक्षकांना भत्ता लगेच मिळाला, बाकीच्यांना रांगेत थांबावं लागलं. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर शिक्षक समाधानी होते, पैशाची ओढाताण कमी झाली होती, जोडधंदा करणारे कमी झाले होते. मुलांच्या गुणांत मात्र फरक शून्य.

यावरून पगार कमी असावा असा अर्थ काढणाऱ्यांशी आमचं पटत नाही. दुप्पट पगारामुळे पुढच्या वीस वर्षांत जास्त हुशार मुलं या पेशात येतील, हा परिणाम अशा प्रयोगात दिसूच शकत नाही. पण जो आज वर्गात उभा आहे त्याचं शिकवणं केवळ पगार वाढवून बदलत नाही, इतकं इंडोनेशियानं दाखवलं. आणि बिनशर्त दिलेली वाढ नंतर शर्तीला जोडणं अवघड असतं.

आमच्याकडे हजेरीसाठी फोटो, बायोमेट्रिक, ॲप अशी यंत्रं येतात आणि जातात. यातलं काही चालतं का? — केंद्रप्रमुख, नंदुरबार

यंत्र चालतं, यंत्रामागचा नियम मोडला की यंत्र बंद पडतं. याची दोन्ही उदाहरणं राजस्थानातल्या एकाच उदयपूर जिल्ह्यात आहेत.

सेवा मंदिर ही संस्था तिथं एकशिक्षकी अनौपचारिक शाळा चालवत असे. ५७ शाळांत शिक्षकाकडे कॅमेरा दिला. शाळा सुरू होताना आणि सुटताना एका मुलानं शिक्षक आणि इतर मुलांचा फोटो काढायचा. तारीख-वेळ बदलता येणार नाही अशी सोय. पगार महिन्याला १,००० रुपये, २० दिवसांवर भरलेल्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा, कमी भरला तर ५० रुपये वजा. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली, मुलांचे गुणही वाढले. फोटोवरून पगार निघतो आणि मध्ये कुणाची मेहरबानी लागत नाही, म्हणून हे टिकलं.

त्याच जिल्ह्यात सरकारी आरोग्य उपकेंद्रांतल्या परिचारिकांसाठी वेळेचा ठसा मारणारं यंत्र बसवलं. पहिले काही महिने हजेरी सुधारली. मग आरोग्य खात्यानंच ‘सूट दिलेले दिवस’ मंजूर करायला सुरुवात केली: आज मीटिंग, उद्या सर्वेक्षण. सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत काही फरक उरला नाही. यंत्रं होती तीच, खात्यानं नियम सैल केला.

आता शिक्षकांच्या बाजूचंही सांगायला हवं. २००३ च्या देशव्यापी अचानक भेटींत भारतातले २५ टक्के शिक्षक गैरहजर आढळले. त्यात सर्वांत कमी प्रमाण महाराष्ट्राचं, १४.६ टक्के, आणि सर्वांत जास्त झारखंडचं, ४१.९. हे आकडे ‘कामचुकार’ म्हणून वापरले जातात. पण गैरहजर म्हणजे दांडी नव्हे. अझीम प्रेमजी फाउंडेशननं २०१७ मध्ये सहा राज्यांतल्या ६१९ शाळांत कारणं विचारली, तेव्हा १८.५ टक्के शिक्षक जागेवर नव्हते. एकूण शिक्षकांपैकी विनाकारण गैरहजर फक्त २.५ टक्के. बाकीचे रजेवर, नाहीतर प्रशिक्षण, बैठक आणि कार्यालयीन कामावर. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. तरी ते दिलं जातं, आणि त्याची नोंद हजेरीपटावर ‘कर्तव्यार्थ’ अशी होते.

केंद्रप्रमुख म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट आहे: हजेरीच्या तक्त्यात रजा, खात्याचं काम आणि विनाकारण हे तीन वेगळे रकाने ठेवा आणि दर महिन्याला प्रत्येकाची बेरीज वर पाठवा. दुसरा रकाना फुगला तर दोष शिक्षकाचा नाही, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर लेखी जाईल.

केनियात फी रद्द होऊन बरीच वर्षं झाली, तरी इथले मध्यमवर्गीय सरकारी शाळेत मुलं घालत नाहीत. असं का? — नैरोबीतला मराठी वाचक

जानेवारी २००३ मध्ये केनियानं प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि वर्षभरात साधारण ५९ लाखांचा पट ७२ लाखांच्या घरात गेला. दर मुलामागे वर्षाला १,०२० शिलिंग शाळेच्या दोन खात्यांत जायचे: पुस्तक-साहित्यासाठी ६५०, बाकी खर्चासाठी ३७०. कल्पना चांगली होती, कारण जिल्हा कचेरी वगळून थेट शाळेच्या बँक खात्यात पैसे जात. पण शिक्षक त्या वेगानं भरले गेले नाहीत. वर्ग तुडुंब झाले आणि ज्या पालकांना परवडत होतं त्यांनी मुलं काढली. ही माणसं गेली की शाळेत जाब विचारणाराच जातो. २००९ मध्ये याच योजनेत अफरातफर उघड झाली आणि ब्रिटन, अमेरिकेनं मदत थांबवली.

कंत्राटी शिक्षकांची गोष्टही तिथलीच. पश्चिम केनियात एका प्रयोगात कंत्राटी शिक्षकांमुळे मुलांचे गुण वाढले होते, म्हणून सरकारनं तोच उपाय देशभर करायचं ठरवलं. आधी चाचणी घेतली: काही शाळांत नेमणूक आणि देखरेख एका स्वयंसेवी संस्थेकडे, काहींत खात्याकडे; करार आणि पगार दोन्हीकडे सारखे. संस्थेच्या शाळांत गुण वाढले, खात्याच्या शाळांत काहीच नाही. खात्याच्या बाजूला पगार महिनोन्महिने रखडले, देखरेख ढिली राहिली, आणि शिक्षक संघटनेच्या आंदोलनामुळे आपण लवकरच कायम होणार असं कंत्राटी शिक्षकांना वाटू लागलं. ‘अमुक उपाय सिद्ध झाला आहे’ असं कुणी म्हणालं की तो राबवला कुणी होता, हे आधी विचारा.

मग कुठं जमलं का? एकही चांगलं उदाहरण देत नाही तुम्ही! — निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर

ब्राझीलच्या ईशान्येतलं सियारा राज्य. गरीब, दुष्काळी, आपल्याकडच्या माणदेशाची आठवण व्हावी असं. तिथल्या सोब्राल या दोन लाख वस्तीच्या गावात २००० च्या सुमारास तपासलं तर प्राथमिकच्या सुरुवातीच्या वर्गांतल्या जवळपास निम्म्या मुलांना वाचता येत नव्हतं. नगरपालिकेनं एकच लक्ष्य धरलं: सात वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे. मुख्याध्यापक नेमताना राजकीय चिठ्ठी बंद, परीक्षा आणि निवड सुरू. वर्षातून दोनदा शाळेबाहेरच्या माणसांकडून प्रत्येक मुलाची तपासणी. अगदी छोट्या शाळा एकत्र केल्या. २०१७ च्या राष्ट्रीय शिक्षण निर्देशांकात सोब्रालच्या प्राथमिक शाळांना १० पैकी ९.१ मिळाले.

एका कर्तबगार गावाची गोष्ट म्हणून हे सोडून देता आलं असतं. सियारा राज्यानं ते सोडलं नाही, आणि आम्हाला सर्वांत आवडलेला भाग पुढेच आहे. मालावरच्या राज्य करातला २५ टक्के वाटा नगरपालिकांना जातो, आणि त्याचाही पाव हिस्सा कसा वाटायचा हे राज्य ठरवू शकत असे. २००७ च्या कायद्यानं सियारानं हा सगळा पाव हिस्सा कामगिरीला जोडला: एकूण वाट्याचे १८ टक्के शिक्षणावर, ५ आरोग्यावर, २ पर्यावरणावर. शिक्षणात दुसरीचं वाचन आणि पाचवीची चाचणी. नुसती सरासरी नाही; किती मुलं परीक्षेला बसली, किती मागे राहिली, मागच्या वर्षापेक्षा सुधारणा किती, हेही धरलं. त्यामुळे कच्च्या मुलाला परीक्षेच्या दिवशी घरी बसवण्याची युक्ती अंगाशी येते. महापौराला रस्ता करायचा असला तरी दुसरीतल्या मुलांना वाचता आलं पाहिजे, कारण हा पैसा शिक्षणावरच खर्च करा अशी अट नव्हती! बक्षिसाबरोबर राज्यानं सगळ्या नगरपालिकांना पुस्तकं आणि शिक्षक-प्रशिक्षणही दिलं. नुसतं बक्षीस लावलं असतं तर आधीच पुढे असलेलेच ते घेऊन गेले असते.

दोष नाहीत असं नाही. जे मोजलं जातं तेवढंच शिकवायचं, विज्ञान-कला मागे, ही टीका तिथं होते.

ब्राझीलचाच दुसरा तुकडा उलट बाजूचा आहे. २००३ पासून केंद्र सरकारनं सोडत काढून नगरपालिका निवडायला आणि तिथं लेखापरीक्षक पाठवायला सुरुवात केली. या अहवालांचा अभ्यास करताना दिसलं की शिक्षणनिधीत भ्रष्टाचार सापडलेल्या ठिकाणच्या मुलांचे गुण इतरांपेक्षा ठळकपणे कमी होते. संगणक कक्ष आणि शिक्षकांचं प्रशिक्षणही कमी. भ्रष्टाचारानं मुलांचं नक्की काय जातं, याचं यापेक्षा सरळ मोजमाप क्वचित मिळतं.

मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. सह्या करण्यापलीकडे आम्ही काय बघावं? — पालक, सातारा जिल्हा

आधी एक कटू गोष्ट. समितीला नुसती माहिती देऊन काही होत नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत यावर प्रयोग झाला. गावांत बैठका घेतल्या, समितीचे अधिकार समजावून सांगितले. समित्या हलल्या नाहीत; काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं. ज्या गावांत तरुणांना वाचन शिकवण्याचं तंत्र देऊन वर्ग घ्यायला लावले, तिथं मात्र मुलं वाचू लागली. इंडोनेशियात जावामधल्या शाळा-समित्यांना अनुदान आणि प्रशिक्षण देऊन फारसा उपयोग झाला नाही, पण गावच्या पंचायतीशी जोडल्यावर, विशेषतः सदस्य निवडून आणल्यावर, गुण वाढले. म्हणून तुमच्या समितीचा विषय ग्रामसभेत जाईल असं पाहा. तिथं सरपंचाला उत्तर द्यावं लागतं.

शिक्षणहक्क कायद्यानुसार समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात, आणि शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो. आराखडा मुख्याध्यापक तयार करून आणतात आणि तुम्ही सही करता, असं चाललं असेल तर पुढचे कागद मागून घ्या.

पहिला पटसंख्येचा. यू-डायस या शाळांच्या देशव्यापी माहितीनोंदीत ३० सप्टेंबरचा पट भरला जातो आणि शिक्षकांची पदंही पटावरच ठरतात. शिक्षणहक्क कायद्यातलं प्रमाण असं: पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार, १२१ ते २०० पाच. मंजूर पदं आणि भरलेली पदं शेजारी लिहा. त्याच कायद्याचं कलम २६ म्हणतं की रिक्त पदं १० टक्क्यांहून जास्त असू नयेत. दोनशिक्षकी शाळेतला एक गेला की ५० टक्के रिक्त, तरी तालुक्याच्या सरासरीत तो दिसत नाही. आधार जुळत नाही म्हणून पटातून गळालेली मुलं आहेत का, हे सप्टेंबरच्या आधीच पाहा. नंतर काही करता येत नाही.

दुसरा संयुक्त शाळा अनुदानाचा. ‘समग्र शिक्षा’ या केंद्राच्या शालेय योजनेच्या आराखड्यातले दर असे: ३० पर्यंत पट १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००, १०१ ते २५० पर्यंत ५०,०००, २५१ ते १,००० पर्यंत ७५,०००, त्यापुढे एक लाख. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च व्हायला हवेत. तुमच्या शाळेला किती मंजूर झाले आणि किती आले, दोन्ही आकडे मागा. हल्ली पैसे खात्यात पडून राहत नाहीत, अमुक रकमेपर्यंत खर्च करता येईल अशी मर्यादा येते. ती वर्षाच्या शेवटी आली आणि ३१ मार्चपर्यंत वापरली नाही की गेली. घाईत एकाच दुकानाच्या पावत्या लागतात ते इथूनच. उपाय म्हणजे लागणाऱ्या वस्तूंची यादी आणि दरपत्रकं डिसेंबरातच ठरावासह तयार ठेवणं.

तिसरी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. तिच्यातली शेवटची पाच व्हाउचरं घ्या आणि वस्तू शाळेत फिरून शोधा: साठा नोंदवहीत चढली का, पक्की पावती आहे का, ठरावाची तारीख खरेदीच्या आधीची आहे का. मागच्या तारखेचे ठराव हा सर्वांत नेहमीचा घोटाळा, आणि तो इतिवृत्ताच्या वहीत शाईवरूनही कळतो.

कागद तोंडी मागून मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपये शुल्क, झेरॉक्सचे पानामागे २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. रोजकीर्द आणि रिक्त पदं एकाच अर्जात घातलीत तर उत्तर पहिल्या विषयापुरतंच येईल. दोन अर्ज करा; शुल्क वीस रुपयेच, झेरॉक्सचे पैसे वेगळे.